सर्वांसाठी खुला खेळ

वाशिमहून पुसदकडे निघालं की वाटेत अनसिंग लागतं. सोयाबीन-तुरीच्या पट्ट्यातलं हे गाव. वऱ्हाडातल्या अशा गावांमध्ये सिनेमा आला तो जत्रेतल्या तंबूतून, सरकारी प्रचाराच्या गाडीतून आणि पुढे गणपतीत रात्रभर चालणाऱ्या भाड्याच्या व्हीसीआरमधून. लोकांनी तो जीव लावून पाहिला. पण खेळ संपला की तंबू पुढच्या जत्रेला आणि गाडी पुढच्या गावाला. जे पाहिलं त्यावर चारचौघांनी तिथेच बसून बोलावं, ही सोय त्यांतल्या कशातच नव्हती. ती सोय फिल्म सोसायटीत असते. महाराष्ट्रात ही चळवळ अर्ध्या शतकाहून अधिक काळ चालली आहे, आणि ती अनसिंगसारख्या गावापर्यंत यायलाच हवी असं मला ठामपणे वाटतं. त्यासाठी आधी तिच्या कामाची रीत सांगायला हवी.

मराठी मुलखातली सगळ्यात ठळक फिल्म सोसायटी म्हणजे मुंबईचं प्रभात चित्र मंडळ. १९६८च्या जुलैत ते सुरू झालं. सुधीर नांदगावकर, दिनकर गांगल ही पत्रकार मंडळी त्यामागे होती. त्याआधी १९४७ मध्ये सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आणि त्यांच्या मित्रांनी कलकत्ता फिल्म सोसायटी काढली होती. १९५९ मध्ये देशातल्या सोसायट्यांचा महासंघ झाला आणि राय त्याचे अध्यक्ष झाले. महासंघाच्या पहिल्या चिटणिसांत एक मराठी बाई होत्या, विजया मुळे. लग्नानंतर पाटण्याला गेलेल्या विजयाबाई तिथल्या फिल्म सोसायटीच्या कामात पडल्या आणि पुढे दिल्लीतही त्यांनी हे काम उभं केलं. दूरदर्शनवर लागणारा ‘एक अनेक और एकता’ हा लघुपट लाखोंना पाठ आहे. तो करणाऱ्या बाईंचं हे दुसरं काम मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं.

प्रभातने केलेली मोठी गोष्ट म्हणजे जगाच्या सिनेमाबद्दल मराठीत बोलायला केलेली सुरुवात. मुंबईतल्या जुन्या सोसायट्यांचं वातावरण इंग्रजी होतं. गिरगाव-दादरच्या चाळींत वाढलेल्या माणसाला तिथे परकं वाटावं, असं. प्रभातमध्ये कुरोसावा आणि डी सिका या दिग्दर्शकांवर मराठीत वाद होऊ लागले, टिपणं लिहिली जाऊ लागली, ‘रूपवाणी’ आणि पुढे ‘वास्तव रूपवाणी’ हे नियतकालिक निघालं. एखादा कॅमेरा खाली का ठेवला असेल, दोन दृश्यांच्या मध्ये दिग्दर्शकाने काय गाळलं, हे सांगणारी मराठी अशा ठिकाणी घडली. ती कुठल्याही पाठ्यपुस्तकातून आली नाही.

खेळ लावणं त्या काळी अंगमेहनतीचं काम होतं. पस्तीस मिलिमीटरचं दोन हजार फुटांचं रीळ जेमतेम बावीस मिनिटं चालतं, म्हणजे दोन तासांच्या चित्रपटाला सहा रिळं आणि त्यांच्या लोखंडी पेट्या. सोसायट्यांचा जीव म्हणून सोळा मिलिमीटरवर. त्यात सोळाशे फुटांचं रीळ चव्वेचाळीस मिनिटं जातं आणि ‘पथेर पांचाली’ तीन रिळांत बसतो. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय झालं आणि पी. के. नायर यांनी सोसायट्यांना अशा प्रती पुरवण्याची व्यवस्था लावली. बाकी भिस्त परदेशी वकिलातींवर. पोलंड, हंगेरी, चेकोस्लोव्हाकिया, सोव्हिएत रशिया, फ्रान्स, जर्मनी जे देतील ते दाखवायचं. त्यामुळे त्या पिढीच्या मराठी रसिकाला पोलंडचा दिग्दर्शक वायदा माहीत असे, पण शेजारच्या श्रीलंकेचा सिनेमा क्वचितच भेटे. पुढे २००२ मध्ये नांदगावकरांनी मुंबईत आशियाई चित्रपटांचा ‘थर्ड आय’ महोत्सव सुरू केला, त्याने ही उणीव काही अंशी भरून निघाली.

या चळवळीच्या अंगात मात्र एक कुंपण होतं. फिल्म सोसायटीला सेन्सॉरच्या प्रमाणपत्राशिवाय परदेशी चित्रपट दाखवण्याची सूट मिळाली ती सभासदांपुरती. वर्गणी भरा, कार्ड दाखवा, आत या. ही सूट नसती तर अनेक थोर चित्रपट इथे दिसलेच नसते, हे खरं. पण त्या कार्डामुळे दार अरुंद झालं. काही जण तर न कापलेली दृश्यं पाहण्यापुरतेच सभासद झाले आणि ती मिळेनाशी झाली तसे निघून गेले. म्हणून मला वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातली ती छोटी बातमी नेहमी मोलाची वाटते: विशेष खेळ, सर्वांसाठी खुला, प्रवेश विनामूल्य. अशा खेळाला प्रमाणित चित्रपट लागतो, हक्कधारकाची परवानगी लागते, आणि समोर कोण येऊन बसणार हे आधी कळत नाही. ज्याने दिग्दर्शकाचं नाव ऐकलेलं नाही, त्याला दोन तास बसवून ठेवायचं आणि मग बोलतं करायचं. फिल्म सोसायटीची खरी परीक्षा तिथे होते.

नांदगावकरांना हे कळत होतं. मुंबईच्या मामी महोत्सवाची सुरुवातीची धुरा त्यांनी वाहिली, पण महाविद्यालयांत सोसायट्या निघाव्यात, मराठीतून रसास्वाद शिबिरं व्हावीत यासाठीही ते शेवटपर्यंत झटले. २०२३च्या पहिल्याच दिवशी ते गेले. गांगल पुढे ‘ग्रंथाली’ या वाचकचळवळीत रमले, आणि ग्रंथालीची पुस्तकं ग्रंथयात्रेतून महाराष्ट्रभर गावोगाव पोचली. दोन्ही चळवळींच्या मुळाशी एकच माणूस, तरी पुस्तक गावात गेलं आणि सिनेमा शहरात अडकला. पेट्यांचं ओझं, प्रोजेक्टर, ऑपरेटर, परवाने ही कारणं उघड आहेत. आणखी एक कारण मनात होतं: हा सिनेमा खेड्यातल्या माणसाला झेपणार नाही, ही समजूत.

ती समजूत कर्नाटकात खोटी ठरली आहे. शिमोगा जिल्ह्यातल्या हेग्गोडू या खेड्यात के. व्ही. सुब्बण्णांच्या नीनासम या नाट्यसंस्थेने १९७३ मध्ये चित्रसमाज सुरू केला. सुपारीच्या बागा असलेलं गाव, तेही अनसिंगहून लहान. तिथे ‘पथेर पांचाली’, ‘राशोमोन’, ‘बायसिकल थीव्हज’ हे चित्रपट शेतकऱ्यांना आणि मजुरांना दाखवले गेले. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये रसास्वाद शिकवणारे सतीश बहादूर तिथे गेले, शिबिरं झाली, सुब्बण्णांनी सिनेमावरची पुस्तकं कन्नडात आणली. सायकल चोरीला गेली की रोजगार जातो, हे रोजंदारीवर जगणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. १९९१ मध्ये सुब्बण्णांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हेग्गोडूला जे जमलं त्यात पैशाचा वाटा थोडा होता. प्रत्येक खेळाआधी गावकऱ्यांच्या भाषेत दोन शब्द सांगणारा आणि खेळानंतर थांबणारा माणूस होता, हे मोठं.

आता पेट्या उरलेल्या नाहीत. चित्रपट खिशात मावतो, आणि अनसिंगमधल्या पोराच्या मोबाइलवरही जगाचा सिनेमा उघडतो. म्हणून फिल्म सोसायटीची गरज संपली असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. मोबाइलवर माणूस एकटा पाहतो आणि कंटाळा आला की पुढे सरकवतो. सोसायटी आता दुर्मीळ चित्रपट पुरवत नाही, ती निवड पुरवते आणि सोबत देते. अनसिंगला हे करायला शाळेचं सभागृह, बऱ्यापैकी प्रोजेक्टर, स्पष्ट ऐकू येणारे दोन स्पीकर आणि वीज गेली तर जनरेटर एवढं पुरे. घरच्या ओटीटीच्या वर्गणीवर गावाला खेळ दाखवता येत नाही. निर्मात्याला पत्र लिहून परवानगी घ्यावी लागते, आणि मराठीतले अनेक निर्माते अशा विनाशुल्क खेळाला आनंदाने हो म्हणतील असा माझा विश्वास आहे. दिवस मात्र पाहून ठरवावा. सोयाबीनच्या मळणीत कोणी येणार नाही.

पहिला खेळ कोणता लावावा, याबद्दल माझं मत पक्कं आहे: सतीश मनवर यांचा २००९चा ‘गाभ्रीचा पाऊस’. विदर्भातल्या एका गावात शेजारच्या शेतकऱ्याने आत्महत्या केल्यावर आपला नवराही तेच करील या धास्तीने त्याच्यावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवणारी अलका सोनाली कुलकर्णींनी उभी केली आहे, आणि तो नवरा, किसना, गिरीश कुलकर्णींनी. हा चित्रपट रॉटरडॅमच्या महोत्सवात दाखवला गेला. अशा चित्रपटाआधी मुंबईत दुबार पेरणी म्हणजे काय हे प्रास्ताविकात सांगावं लागतं. अनसिंगमध्ये ते सांगणारी माणसं प्रेक्षकांतच बसलेली असतील. दिग्दर्शकाने पाऊस बरोबर पकडला का, कर्जाचा हिशोब खरा वाटतो का, बायका खरंच अशा पाळतीवर राहतात का, हे ती सांगतील, आणि त्यातल्या बायका तर नक्कीच बोलतील, फक्त ध्वनिक्षेपक त्यांच्यापर्यंत नेणारं कोणीतरी हवं. कोणीतरी वही घेऊन ते सगळं उतरवून घ्यावं आणि शहरातल्या चित्रपटविषयक नियतकालिकांनी ते जसंच्या तसं छापावं.