मोसमी मलबार कॉफी
मोसमी मलबार कॉफी : पावसाळी वाऱ्यातील ओलावा मुद्दाम शोषू देऊन तयार केलेला भारतीय कॉफीचा प्रकार. कॉफीचा स्वाद सामान्यतः झाडाची जात, उंची, माती व फळांवरील प्रक्रिया यांवर ठरतो, उदा., केन्याच्या उंच प्रदेशातील कॉफीची तीव्र अम्लता. या कॉफीचा स्वाद मात्र मळ्यापेक्षा किनाऱ्यावरील हवेचा आहे. शिडाच्या जहाजांतून आफ्रिकेला वळसा घालून यूरोपास जाताना कॉफीच्या बिया अनेक महिने दमट हवेत राहून फुगत व पिवळट पडत. वस्तुतः हा मालातील दोषच. पण तेथील गिऱ्हाइकांना तो रुचला. सुएझ कालवा (१८६९) व आगबोटी यांमुळे प्रवास थोडक्यात आटोपू लागला आणि ती चव हरपली. म्हणून पश्चिम किनाऱ्यावर, विशेषतः मंगळूर येथे, ती मुद्दाम आणली जाऊ लागली. जून ते सप्टेंबर या काळात बाजूंनी उघड्या गोदामांत बिया पसरून वरचेवर खालीवर करतात. पुढे सैल भरलेल्या पोत्यांच्या रांगा वाऱ्यात ठेवतात. यात हयगय झाल्यास बुरशी धरते. तयार बी फिकट सोनेरी दिसते. अम्लता जवळजवळ नाहीशी होऊन पेय दाट, काहीसे मातकट व मसालेदार लागते. एस्प्रेसोच्या मिश्रणांत तिला मागणी आहे. आंबटसर कॉफीच्या भोक्त्यांना मात्र ती मिळमिळीत वाटते.