कोणत्या कंपनीची हार्ड डिस्क टिकते? आधी हिशेब समजून घ्या

गेल्या पावसाळ्यात माझी हार्ड डिस्क गेली. सकाळी लॅपटॉपला लावली तर आतून टक टक टक असा आवाज, आणि स्क्रीनवर काहीच नाही. आत नऊ वर्षांच्या बातम्यांचे फोटो होते. त्यातच गारपिटीचे, पंचनाम्याच्या वेळी काढलेले फोटो. ते भावकीतल्या एकाला पीकविम्याच्या तक्रारीला जोडायचे होते. तालुक्याच्या दुकानदाराने हात वर केले. पुण्याच्या रिकव्हरीवाल्याने फोनवर जो आकडा सांगितला त्यात एकरभर सोयाबीनचं बी-खत आलं असतं, आणि वर "डेटा मिळेलच असं नाही" हेही ऐकवलं. नाद सोडला.

मग जो भेटेल तो सांगायला लागला, "तुम्ही कंपनीच चुकीची घेतली." फोटो स्टुडिओवाला एका कंपनीचं नाव घेतो, सेवा केंद्रवाला नेमका तिलाच शिव्या घालतो. माझी डिस्क कोणत्या कंपनीची होती ते मी इथे लिहीत नाही. एका डिस्कवरून कंपनीचा निकाल लावणं म्हणजे एक पिशवी उगवली नाही म्हणून सगळं वाण बोगस ठरवणं. उगवण बघायची तर आपण शंभर दाणे मोजून गोणपाटात ठेवतो.

हार्ड डिस्कचे असे दाणे मोजणारी एक कंपनी अमेरिकेत कॅलिफोर्नियात आहे. नाव बॅकब्लेझ. लोकांचा डेटा भाड्याने सांभाळणं हा तिचा धंदा. कोणत्या मॉडेलच्या किती डिस्क लावल्या, किती दिवस चालल्या, किती मेल्या याची नोंद ती २०१३ पासून ठेवते आणि सगळ्यांसाठी खुली करते. २०२४ च्या शेवटी तिच्याकडे तीन लाखांच्या आसपास डिस्क चालू होत्या.

हिशेब सोपा आहे. शंभर डिस्क वर्षभर चालल्या आणि दोन गेल्या तर बिघाडाचा वार्षिक दर २ टक्के. त्याच शंभर सहा महिनेच चालल्या आणि तेवढ्यात दोन गेल्या तर दर ४ टक्के. म्हणजे नुसत्या किती मेल्या हे बघायचं नाही, किती दिवसांत मेल्या हेही धरायचं. सगळ्या कंपन्या मिळून त्यांचा दर २०२३ मध्ये १.७० टक्के आणि २०२४ मध्ये १.५७ टक्के आला. शंभरात दीड-दोन. ऐकायला किरकोळ वाटतं, पण आपल्याकडे शंभर नसतात, एकच असते.

आता कंपन्यांचं. फिरत्या तबकडीच्या डिस्क बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या जगात आता तीनच उरल्यात: सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. सॅमसंगचा हा धंदा २०११ मध्ये सीगेटने घेतला, हिताचीचा २०१२ मध्ये वेस्टर्न डिजिटलने. बाजारात डबीवर दुसरं कुठलं नाव दिसलं तरी आतली फिरती डिस्क बहुतेक या तिघांपैकीच एकाची.

बॅकब्लेझच्या आकड्यांत सगळ्यात गाजलं ते सीगेटचं तीन टीबीचं एक मॉडेल. २०११ मध्ये थायलंडला मोठा पूर आला, तिथले डिस्कचे कारखाने पाण्यात गेले आणि जगभर भाव चढले. तेव्हा या कंपनीने दुकानांतून बाहेरून लावायच्या डिस्क विकत आणल्या, डब्या फोडल्या आणि आतला माल आपल्या मशीनमध्ये बसवला. त्या तीन टीबीच्या मॉडेलचा २०१४ चा दर ४० टक्क्यांच्या वर गेला. पुढे २०१६ मध्ये त्यावरून अमेरिकेत कोर्टात दावाही लागला. पण त्याच वर्षी, त्याच सीगेटच्या चार टीबीच्या डिस्कचा दर ३ टक्क्यांच्या आत होता! शिक्का एकच, मॉडेल दुसरं.

उलटंही झालंय. २००० च्या सुमारास आयबीएमचं डेस्कस्टार नावाचं एक मॉडेल इतकं बदनाम झालं की लोक त्याला 'डेथस्टार' म्हणायला लागले. तो धंदा हिताचीने घेतला आणि दहा-बारा वर्षांनी बॅकब्लेझच्या यादीत सगळ्यात कमी मरणाऱ्या डिस्क हिताचीच्याच निघाल्या. म्हणून दुकानात 'कंपनी कोणती' एवढंच विचारून भागत नाही, मॉडेल नंबर बघावा लागतो.

आणखी एक गोष्ट. त्यांच्या डिस्क एसीच्या खोलीत, जागेवरून न हलता चालतात. आपली डिस्क मोटारसायकलच्या डिकीत असते, लाईट गेली की कॉपी अर्धवट तुटते, कामाच्या घाईत वायर तशीच ओढली जाते. आत तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेऱ्या घेते आणि वाचणारं डोकं तिच्यावर केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी अंतरावर तरंगतं. चालू डिस्कला धक्का बसला की ते तबकडीला घासतं. याचा दोष कुठल्याच कंपनीच्या दरात दिसणार नाही. म्हणूनच टक टक सुरू झाली की पुन्हा पुन्हा लावून बघू नका आणि स्क्रू ड्रायव्हर तर अजिबात घेऊ नका. मी दोन्ही केलं.

मरायच्या आधी बऱ्याच डिस्क इशारा देतात. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते लॅपटॉपवर टाकून बघा. निळं म्हणजे ठीक, पिवळं म्हणजे आजच डेटा दुसरीकडे हलवा. त्यात ०५, सी५ आणि सी६ हे तीन आकडे शून्यावरून वर गेले की समजायचं, तबकडी खराब व्हायला लागलीय. गूगलने २००७ मध्ये स्वतःच्या एक लाखावर डिस्क तपासल्या होत्या. तपासणीत पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत मरायची शक्यता बाकीच्यांपेक्षा ३९ पट निघाली. पण त्याच अभ्यासात काहीच इशारा न देता गेलेल्या डिस्कही खूप होत्या, त्यामुळे निळ्या रंगावर झोपून राहू नये. याच सॉफ्टवेअरमध्ये डिस्क एकूण किती तास चालली तेही दिसतं. सीसीटीव्हीवाल्याने 'नवी' म्हणून बसवलेल्या डिस्कवर हजारो तास दिसले तर बिल घेऊन सरळ दुकान गाठा.

वॉरंटीचं मात्र डोक्यात पक्कं ठेवा. कंपनी डिस्क बदलून देते, आतले लग्नाचे फोटो किंवा दूध संस्थेचा हिशेब देत नाही. एसएसडीत फिरणारं काही नसतं, पडली तरी सहसा चालते, पण गेली तर आवाजही न करता जाते आणि डेटा काढणं बरेचदा जास्त अवघड.

मी आता दोन डिस्क ठेवतो, दोन वेगळ्या कंपन्यांच्या, वेगवेगळ्या वर्षी घेतलेल्या. एक घरी, एक मेव्हण्याकडे. महिन्याच्या पहिल्या रविवारी बाजाराला गेलो की अदलाबदल करतो. विम्याचे फोटो शेवटी डेस्कच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सापडले, बातमीसोबत मीच पाठवलेले. बारीक झालेत, पण बांधावरचा गट नंबरचा दगड वाचता येतो. तक्रारीला तेच जोडलेत.