बिनखात्याचा मंत्री

खाते नाही म्हणजे मंत्रिपद कच्चे, असे आमच्या तिगावातही बोलले जाते. तसे नसते. बिनखात्याचा मंत्री म्हणजे शपथ घेतलेला, पण कुठलाही विभाग न सोपवलेला मंत्री. लग्नघरी कुणाकडे मांडव, कुणाकडे पंगत. मामाकडे नेमके काम नसले तरी बैठकीत त्याचा शब्द असतोच. मंत्रिपद शपथेने मिळते, खातेवाटप नंतरचे. भोपाळला २५ डिसेंबर २०२३ रोजी मंत्र्यांची शपथ झाली, खाती ३० डिसेंबरला मिळाली. जवळच्या नागपुरात १५ डिसेंबर २०२४ रोजी ३९ मंत्र्यांनी शपथ घेतली. खाती २१ तारखेला, अधिवेशन उरकल्यावर! सामूहिक जबाबदारी (मंत्रिमंडळाने विधानसभेला एकत्रित उत्तरदायी असणे) मधल्या दिवसांतही त्यांच्यावर होतीच. दिल्लीत कृष्ण मेनन तर १९५६ मध्ये वर्षभराहून अधिक काळासाठी बिनखात्याचे मंत्री झाले. संरक्षण खाते त्यांना १९५७ मध्ये मिळाले.