ध्रुवीय संशोधनाची एक वाट नवीन पनवेलहूनही जाते

खारघरच्या कॉलेजांतून भौतिकशास्त्र, भूशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलामुलींसमोर अंटार्क्टिकाचं नाव काढलं की उत्तर ठरलेलं असतं: ‘ते काम परदेशातल्यांचं, आपला काय संबंध?’ सगळ्यांत जास्त नुकसान हाच समज करतो, कारण त्यापायी मुलं अर्जच करत नाहीत.

भारताची पहिली मोहीम डिसेंबर 1981 मध्ये डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली गोव्याहून निघाली आणि 9 जानेवारी 1982 रोजी अंटार्क्टिकावर उतरली. आज तिथे मैत्री आणि भारती ही आपली दोन केंद्रं बारा महिने चालू असतात. उत्तरेकडे स्वालबार्डमध्ये 2008 पासून हिमाद्री हे केंद्र आहे. या सगळ्याचा कारभार वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून, म्हणजे एनसीपीओआरमधून चालतो. पनवेलहून कोकण रेल्वेने गोवा रात्रभराच्या अंतरावर.

त्याहून जवळचं दार तर नवीन पनवेलच्या सेक्टर 18 मध्ये आहे. भारतीय भूचुंबकत्व संस्था तिथे कळंबोली महामार्गालगत उभी आहे, आणि खारघरची कितीतरी मुलं रोज तिच्यावरून जातात. ‘ध्रुवीय विज्ञान म्हणजे बर्फाचा अभ्यास’ हा दुसरा गैरसमज या संस्थेकडे पाहिलं की उरत नाही. सूर्याकडून येणारे विद्युतभारित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्ररेषांच्या वाटेने ध्रुवांजवळ वातावरणात उतरतात. ध्रुवीय प्रकाश मुख्यतः तिथेच दिसतो, आणि उपग्रहांना व वीजवाहिन्यांना धोका देणाऱ्या चुंबकीय वादळांची खूणही तिथे ठळक उमटते. म्हणून ही संस्था मैत्रीवर चुंबकमापक चालवते. हे काम करणारा माणूस भौतिकशास्त्राचा किंवा इलेक्ट्रॉनिक्सचा असतो. बर्फाखालच्या तळ्यांतले जिवाणू सूक्ष्मजीवशास्त्रवाला शोधतो. उपग्रहाच्या चित्रांवरून समुद्री बर्फ मोजायला संगणकाचं आणि संख्याशास्त्राचं शिक्षण लागतं.

‘तिथे गेल्याशिवाय संशोधन होत नाही’ हेही खरं नाही. भूचुंबकत्व संस्थेचं मूळ कुलाब्याच्या वेधशाळेत आहे. सप्टेंबर 1859 मध्ये आलेल्या प्रचंड सौर वादळात तिथल्या निरीक्षकांनी चुंबकमापकाचे आकडे हाताने वहीत उतरवले. चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक सुमारे 1600 नॅनोटेस्लाने कोसळल्याचं त्या नोंदींतून कळतं. 2003 साली या वादळावर जो गाजलेला शोधनिबंध आला, त्याच्या चार लेखकांपैकी लाखिना आणि अ‍ॅलेक्स हे दोघे याच भूचुंबकत्व संस्थेचे. आधार जवळजवळ दीडशे वर्षं जुन्या आकड्यांचा. वास्कोतही तसंच आहे. बाहेर घामाच्या धारा लागलेल्या असताना तिथल्या आइस कोअर प्रयोगशाळेत संशोधक जाड जॅकेट घालून उणे 20 अंशांत अंटार्क्टिकाहून आणलेल्या बर्फाच्या लांबट कांड्या करवतीने कापतात. त्यांतली धूळ, ज्वालामुखीची राख आणि ऑक्सिजनची समस्थानिकं यांतून जुन्या काळचं हवामान वाचलं जातं. माझ्या मते नव्या संशोधकाने सुरुवात अशाच कामाने करावी. प्रश्न आधी हवा, प्रवास मागून येतो.

प्रत्यक्ष जायचंच असेल तर एकट्याने नाव नोंदवून जाता येत नाही. संस्थेमार्फत प्रकल्पाचा प्रस्ताव जातो, एनसीपीओआर तो तपासून मंजूर करते, आणि मग त्या प्रकल्पातून माणूस निवडला जातो. पुढे कडक वैद्यकीय तपासणी आणि औलीला इंडो-तिबेट सीमा पोलिसांकडे बर्फातलं प्रशिक्षण. म्हणून गिर्यारोहक असण्याची अट नाही, निरोगी असण्याची आहे. शिवाय केंद्रं चालवायला डॉक्टर, स्वयंपाकी, इलेक्ट्रिशियन, वाहनांचे मेकॅनिक लागतात. त्यांच्या कंत्राटी जागांची जाहिरात वेगळी निघते.

बायकांना तिथे वाव नाही, असं अजूनही कानावर येतं. नागपूरला जन्मलेल्या समुद्रशास्त्रज्ञ अदिती पंत 1983-84 च्या मोहिमेत सुदीप्ता सेनगुप्तांबरोबर गेल्या होत्या. इस्रोच्या मंगला मणी 2016-17 मध्ये भारतीवर 403 दिवस राहिल्या, त्याही पन्नाशी ओलांडल्यावर.

पैशांबद्दलचे समज मात्र दोन्ही टोकांचे आहेत. पीएचडी फुकटात करावी लागते, हा एक. नेट किंवा गेटसारखी परीक्षा देऊन कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर 2023 पासून महिना 37,000 रुपये आणि वर घरभाडं मिळतं. दुसरा समज असा की एकदा मोहिमेवर जाऊन आलं की सरकारी नोकरी पक्की. तसं होत नाही. कायम जागा मोजक्याच निघतात आणि बरीच वर्षं प्रकल्पावर काढावी लागतात. घरच्यांना हे आधीच सांगितलेलं बरं. मात्र या वर्षांत अंगी आलेलं उपकरणांचं आणि आकडेवारीचं काम हवामान, उपग्रह आणि पर्यावरणाच्या क्षेत्रांतही लागतं.

नवोदितांसाठी असलेल्या दोन आंतरराष्ट्रीय संधी आपल्याकडे फारशा कुणाला माहीत नसतात. ‘एपेक्स’ ही तरुण ध्रुवीय संशोधकांची संघटना 2007-08 च्या आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्षाच्या सुमारास उभी राहिली. तिचं सदस्यत्व मोफत आहे. दुसरी संधी अंटार्क्टिक संशोधनाच्या ‘स्कार’ या जागतिक समितीची शिष्यवृत्ती. भारत या समितीचा 1984 पासून पूर्ण सदस्य असल्याने आपली मुलं अर्ज करू शकतात आणि दुसऱ्या देशाच्या प्रयोगशाळेत काही काळ काम करू शकतात. ही शिष्यवृत्ती पीएचडी करणाऱ्यांसाठी किंवा पीएचडी होऊन पाच वर्षं न झालेल्यांसाठी असते. तेव्हा पदवी हाती आल्यावर पाहू म्हणून थांबू नये, प्रबंध चालू असतानाच मार्गदर्शकांशी बोलून कुठल्या प्रयोगशाळेत जायचं ते ठरवावं.