जहाजाला कवच, होडीला काय?

२३ मार्च २०२४ रोजी भारतीय नौदलाची 'कोलकाता' ही विनाशिका मुंबईत परतली, ती ३५ सोमाली चाच्यांना घेऊन. 'एमव्ही रुएन' हे मालवाहू जहाज त्यांनी आदल्या डिसेंबरात पळवलं होतं. भारतीय किनाऱ्यापासून सुमारे २,६०० किलोमीटरवर नौदलाने ते अडवलं. हवाई दलाच्या सी-१७ विमानातून नौदलाचे मार्कोस कमांडो समुद्रात उतरवले आणि ४० तासांच्या कारवाईनंतर चाचे शरण आले. १७ खलाशी सुखरूप सुटले. पकडलेल्यांना मुंबई पोलिसांच्या ताब्यात दिलं गेलं.

या यशामागे एक जुना, कडू धडा आहे. १९९९ मध्ये 'अलोंड्रा रेनबो' हे जपानी मालकीचं जहाज इंडोनेशियाजवळ लुटलं गेलं. चाच्यांनी त्यावरच्या १७ जणांना तराफ्यावर सोडून दिलं. ते दहा दिवस समुद्रावर तरंगत होते, शेवटी थायलंडच्या एका मासेमारी बोटीने त्यांना वाचवलं. इकडे जहाजाला नवं नाव रंगवून चाचे अरबी समुद्रात आले. तटरक्षक दलाच्या 'ताराबाई'ने त्यांचा पाठलाग केला, नौदलाची 'प्रहार' मदतीला धावली आणि जहाज हाती लागलं. २००३ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने शिक्षा सुनावली. २००५ मध्ये उच्च न्यायालयातून आरोपी सुटले. चाचेगिरीचा वेगळा कायदाच आपल्याकडे नव्हता. तो संसदेत मंजूर व्हायला डिसेंबर २०२२ उजाडलं. मधल्या काळात आपल्या दर्यावर्दींनी किंमत मोजली. २०१० मध्ये पळवलेलं 'अस्फाल्ट व्हेंचर' हे जहाज खंडणी घेऊन २०११ मध्ये सोडलं गेलं, पण सात भारतीयांना चाच्यांनी ठेवून घेतलं. भारताच्या कोठडीत असलेले आपले साथीदार त्यांना परत हवे होते. ते सातजण सुटले ऑक्टोबर २०१४ मध्ये.

जहाजाचा बचाव मुख्यतः वेळेवर अवलंबून असतो. चाचे वेगवान, उघड्या होडीतून येतात आणि आकडे लावलेली शिडी जहाजाच्या कठड्याला अडकवून चढतात. म्हणून कठड्याभोवती काटेरी तारांची वेटोळी बसवतात, पाण्याचे जोरदार फवारे सोडतात, पहारा दुप्पट करतात, वेग वाढवतात. १८ नॉटहून जास्त वेगाने जाणाऱ्या जहाजावर चाचे चढल्याची एकही नोंद नाही, असं जहाज उद्योगाच्या २०११ च्या मार्गदर्शिकेत म्हटलं होतं. एवढं करूनही ते चढलेच, तर सगळे खलाशी 'सिटाडेल'मध्ये जातात. ही आतून बंद होणारी भक्कम खोली. तिथे अन्नपाणी हवं, बाहेरच्या जगाशी बोलायचं साधन हवं आणि एकही माणूस बाहेर राहता कामा नये. एक जरी ओलीस सापडला तरी कमांडोंचे हात बांधले जातात. जानेवारी २०२४ मध्ये 'लीला नॉरफोक' या जहाजावरचे २१ जण, त्यांत १५ भारतीय, असेच आत राहिले. 'आयएनएस चेन्नई' पोहोचली. कमांडोंनी जहाज धुंडाळलं तेव्हा चाचे निघून गेले होते.

पुण्यातल्या आमच्या धायरीच्या आसपास समुद्र नाही, पण खडकवासल्याच्या पाण्यावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र नौकानयन शिकतात आणि तळेगावजवळच्या इंदुरीला व लोणी काळभोरला मर्चंट नेव्हीचे अधिकारी घडतात. म्हणून पुण्यातही हा विषय घरचा आहे.

आता मच्छीमाराच्या होडीकडे पाहू. तिला ना सिटाडेल, ना उंच कठडा, ना जहाजाचा वेग. उलट तीच चाच्यांचं वाहन होते. २०११ मध्ये अरबी समुद्रात आपल्या नौदलाने आणि तटरक्षक दलाने अडवलेल्या 'प्रांतले १४', 'प्रांतले ११' आणि 'वेगा ५' या मुळात पळवलेल्या मासेमारी नौकाच होत्या. मच्छीमार ओलीस आणि त्यांच्याच बोटीवरून पुढचे हल्ले. मुंबईकरांना तर 'कुबेर' विसरता येणार नाही. २६ नोव्हेंबर २००८ चे हल्लेखोर याच पळवलेल्या ट्रॉलरवरून आले आणि तिचा तांडेल मारला गेला.

दुसरा धोका भीतीचा. १५ फेब्रुवारी २०१२ रोजी केरळच्या किनाऱ्याजवळ 'एनरिका लेक्सी' या इटालियन तेलवाहू जहाजावरच्या सैनिकांनी चाचे समजून गोळ्या झाडल्या आणि दोन मच्छीमार गेले. त्या वेळी जहाज उद्योगाने ठरवलेलं अतिधोक्याचं क्षेत्र आपल्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत ताणलेलं होतं. भारताच्या पाठपुराव्यानंतर डिसेंबर २०१५ मध्ये ते मागे सरकलं. २०२१ मध्ये इटलीने १० कोटी रुपये भरपाई दिली.

होडीच्या सुरक्षेसाठी ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरला मासेमारी नौकांवर एक लाख ट्रान्सपाँडर बसवण्याच्या योजनेची सुरुवात झाली. इस्रोच्या तंत्रावर चालणारं हे यंत्र बोट कुठे आहे ते किनाऱ्याला कळवतं; संकटाचा संदेशही पाठवता येतो. ही फार गरजेची गोष्ट आहे. हे यंत्र डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत प्रत्येक नाखव्यापर्यंत पोहोचायला हवं आणि बिघडलं तर बंदरातच दुरुस्त व्हायला हवं.

वाचकहो, तुमच्या घरातलं कुणी जहाजावर अधिकारी असेल, तर त्याला एवढं जरूर सांगा: आपल्या मच्छीमाराची होडी मोठ्या जहाजाकडे वेगाने येते, हात हलवते, ते बहुतेक वेळा जाळं तुटू नये म्हणून. आधी भोंगा वाजवा, दुर्बीण लावा, दिशा बदला. बंदुकीचा विचार सगळ्यात शेवटी.