छताखालचं पाणी आणि मुलांचे चेहरे

पुण्याच्या टिळक तलावावर किंवा दादरच्या महात्मा गांधी तलावावर उन्हात काढलेले लेकीचे फोटो झकास आलेले असतात. मग तिची राज्याच्या संघात निवड होते आणि स्पर्धा निघते दिल्लीला, तालकटोऱ्याच्या श्यामाप्रसाद मुखर्जी संकुलात. कॅमेरा तोच, काढणारे बाबाही तेच. पण रात्री मुक्कामावर फोटो बघायला बसावं तर हात पुसल्यासारखे, चेहरे काळवंडलेले आणि पाणी हिरवट. २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी नव्याने बांधलेल्या त्या तलावावर छत आहे. आपल्याकडचे बहुतेक तलाव उघडे असल्यामुळे छताखालच्या फोटोग्राफीची सवय पालकांना नसते, आणि पहिली गाठ पडते ती नेमकी मोठ्या स्पर्धेत.

तिथे उजेड कमी आहे हे आपल्या डोळ्यांना पटत नाही, कारण डोळे चटकन जुळवून घेतात. भर दुपारच्या उन्हात साधारण एक लाख लक्स प्रकाश असतो. बंदिस्त तलावासाठी आंतरराष्ट्रीय नियमांनी स्टार्टिंग ब्लॉकवर आणि टर्नच्या टोकाला मागितलेला किमान प्रकाश आहे ६०० लक्स. म्हणजे उन्हाच्या दीडशेव्या हिश्शाहूनही कमी. या उजेडात एफ २.८ची लेन्स आणि ३२०० आयएसओ ठेवला, तर कुठे १/१००० सेकंदाचा शटर स्पीड मिळतो. कॅमेऱ्यासोबत मिळणारी झूम लेन्स पूर्ण लांबवल्यावर बहुधा एफ ५.६वर थांबते, तिला तेवढाच वेग हवा असेल तर आयएसओ १२,८००पर्यंत चढवावा लागतो. नवशिके इथे बिचकतात आणि फोटोत दाणे नकोत म्हणून शटर १/२०० वर आणतात. तसं करू नका. दाणे नंतर सॉफ्टवेअरने बरेच निवळतात. हललेला हात कोणत्याही सॉफ्टवेअरने नीट जागेवर येत नाही. बटरफ्लायला १/१००० धरा. ब्रेस्टस्ट्रोकला १/५०० वरही भागतं. महागडी मोठी झूम परवडत नसेल तर ८५ मिमीची एफ १.८ लेन्स घ्या. पंचवीस मीटरच्या तलावावर काठाजवळ जागा मिळाली तर ती उत्तम काम देते.

मोड मात्र मॅन्युअलच हवा. छताखाली दिव्यांचा उजेड फारसा बदलत नाही, बदलतात ते पाण्याचे पांढरे फवारे. ऑटोवरचा कॅमेरा ते फवारे पाहून फोटो गडद करतो आणि मुलाचा चेहरा अंधारात जातो. सराव चालू असताना एखाद्याच्या चेहऱ्यावर एक्स्पोजर जुळवून ठेवा. फवाऱ्यातले काही थेंब पांढरेफटक झाले तरी चालतील. पांढरा किकबोर्ड समोर धरून व्हाइट बॅलन्स बसवला की पाण्याचा हिरवटपणा त्वचेवर उतरत नाही. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर अनेक दिवे सेकंदाला शंभरदा कमी-जास्त होतात, म्हणून लागोपाठच्या दोन फोटोंचा रंगही जुळत नाही. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकरची सोय असेल तर ती चालू करा. एसी गाडीतून उतरून थेट आत गेलात तर दमट हवेने लेन्सवर वाफ धरते. बॅग न उघडता अर्धा तास आत राहू द्या.

एवढं जमलं की यंत्राचं काम संपतं. पुढचा सगळा प्रश्न चेहऱ्याचा आहे, कारण पोहणाऱ्या मुलाचा चेहरा पाण्याबाहेर येतो तो क्षणभरच. तो केव्हा आणि कुठे येणार हे ज्याला कळतं, त्यालाच फोटो मिळतो. म्हणून पहिल्या दोन-तीन हीट कॅमेरा खाली ठेवून नुसत्या पाहाव्यात, असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात ब्रेस्टस्ट्रोकपासून करा. दर हातामागे डोकं वर येतं, तोंड उघडतं आणि चेहरा थेट समोर असतो. लेनच्या टोकाला, परवानगी असेल तिथे, जमेल तेवढं खाली बसा. बटरफ्लायही समोरूनच, पण इथे पुष्कळ मुलं दर दुसऱ्या हाताला श्वास घेतात, म्हणून ताल मोजावा लागतो. कोल्हापूरच्या वीरधवल खाडे यांनी २०१०च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत ज्या ५० मीटर बटरफ्लायमध्ये कांस्यपदक मिळवलं, ती शर्यत त्या पातळीवर २५ सेकंदांत आटोपते. मुलांना थोडा जास्त वेळ लागतो, तरी चेहरा दिसण्याच्या संधी मोजक्याच.

फ्रीस्टाइल बाजूने टिपायची, आणि मूल कोणत्या बाजूने श्वास घेतं हे कोचना आधी विचारून ठेवायचं. उजवीकडूनच श्वास घेणारी मुलगी जाताना तुमच्या बाजूला तोंड वळवत असेल, तर परतताना ती पलीकडच्या भिंतीकडे वळणार. तुमची बाजू चुकली तर हाती फक्त टोपी लागते. बॅकस्ट्रोकमध्ये चेहरा वर असतो, पण स्वतःचाच हात आणि पाणी मध्ये येतं. त्याचा खरा फोटो स्टार्टचा: भिंतीला रेटा देऊन, पाठ कमानीसारखी वाकवून मूल मागे झेपावतं तो. तो बाजूने घ्या.

फोकस सलग चालणारा ठेवा आणि त्याचा बिंदू लहान ठेवा, नाहीतर तो फवाऱ्यामागे धावतो. गॉगलमुळे कॅमेऱ्याला डोळे ओळखता येत नाहीत, त्यावर विसंबू नका. सूर मारल्यावर १५ मीटरच्या खुणेपर्यंत पाण्याखाली राहायची मुभा असते (ब्रेस्टस्ट्रोकचा नियम वेगळा). लहान मुलं बरीच आधी वर येतात, तेव्हा कॅमेरा आधीच पुढे रोखलेला हवा.

फ्लॅश बंद म्हणजे पूर्ण बंद. फोकसला मदत करणारा छोटा दिवाही. स्टार्टच्या यंत्रातून भोंग्याबरोबर प्रकाशाचाही झोत येतो आणि ऐकू न येणारी मुलं त्यावरच झेप घेतात. तुमच्या फ्लॅशने एखादं मूल आधी सुटलं तर नियमात दुसरी संधी गृहीत नाही. ‘टेक युअर मार्क्स’नंतरच्या शांततेत शटरचा आवाजही नको.

ही मुलं पोहण्याच्या कपड्यांत असतात, आणि ती सगळी तुमची नाहीत. आयोजकांची परवानगी आधी घ्या. स्टार्टिंग ब्लॉकच्या मागून फोटो नाही, कपडे बदलायच्या जागेच्या आसपास तर कॅमेरा काढायचाच नाही. अमेरिकेतल्या स्पर्धांत हे नियम काटेकोर असतात. तिथल्या मराठी पालकांना ते पाठ आहेत. आपल्याकडे फलक लावलेला नसला तरी ते पाळावेत. दुसऱ्याच्या मुलाचा फोटो त्याच्या आईबाबांनाच द्या. शाळेच्या नावासह सगळ्यांना दिसेल असा टाकू नका.

आठ लेनच्या तलावात सर्वांत वेगवान मूल चौथ्या लेनमध्ये असतं, म्हणून सगळ्या लेन्स तिकडे वळतात. शर्यतीचा निकाल भिंतीला हात टेकताच लागतो: २००८ साली बीजिंगमध्ये मायकेल फेल्प्स १०० मीटर बटरफ्लाय ०.०१ सेकंदाने जिंकला. पण मुलांच्या स्पर्धेत मोठी गोष्ट पुष्कळदा सातव्या लेनमध्ये घडत असते. कोचकडे प्रत्येकाच्या आधीच्या वेळा लिहिलेल्या असतात. आज कोणाचा स्वतःचा विक्रम मोडू शकतो, हे सकाळीच विचारा आणि स्टार्ट लिस्टवर त्या नावांखाली रेघ मारा. ते मूल सहावं आलं तरी बटणावरचं बोट काढू नका; गॉगल कपाळावर सरकवून ते बोर्डावर आपली वेळ शोधेल, आणि ती सापडेपर्यंत कॅमेरा त्याच्यावरच राहू द्या.