१७६ फुटी दागिना

मध्ययुगीन युरोपात संतांच्या अस्थी ठेवायला सोनार छोट्या पेट्या घडवत. त्यांवर सोन्याचा मुलामा असे, मीनाकाम असे, मधूनमधून खडे जडवलेले असत आणि वर टोकदार कळस. अशी पेटी, तिच्या सगळ्या नक्षीसकट, १७६ फूट उंच करून भर बागेत, पावसात आणि कोळशाच्या धुरात उभी करायची, हे सुचायलाच धाडस लागतं. जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या वास्तुविशारदाला ते सुचलं. लंडनच्या केन्सिंग्टन गार्डन्समधलं अल्बर्ट मेमोरियल हा तोच अवाढव्य दागिना. १८७२ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं.

राणी व्हिक्टोरियाचा नवरा अल्बर्ट १८६१ च्या डिसेंबरात गेला, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी. त्याच्या स्मारकावर सुमारे १ लाख २० हजार पौंड खर्च झाले. चार कोपऱ्यांवर दगडी खांबांचे जुडगे, त्यांवर कमानी, कमानींवर उंच कळस आणि आत सोन्याने मढवलेला बसलेला अल्बर्ट. आपल्याकडच्या माणसाला मखरच आठवेल. फक्त या मखरातल्या मूर्तीच्या हातात शस्त्र नाही की धर्मग्रंथ नाही. तिथे आहे १८५१ च्या महाप्रदर्शनाची सूची! ज्याचा हा माणूस मोठा पुरस्कर्ता होता, ते प्रदर्शन जवळच, हाइड पार्कमध्ये भरलं होतं. राजघराण्यातल्या माणसाच्या हाती प्रदर्शनाचा कॅटलॉग देणारं शतक मला तरी फार आवडतं.

पण खरी गंमत दिसत नाही तिथे आहे. छोटी वस्तू सर्व बाजूंनी दसपट केली, की तिचा पृष्ठभाग शंभरपट होतो आणि वजन हजारपट. तळहातावर मावणाऱ्या पेटीचे नाजूक खांब सहज उभे राहतात. इमारतीएवढे केले की तेच खांब संकटात येतात. त्यातून दगडी कमान नुसती खाली दाबत नाही, बाजूलाही रेटते. गॉथिक चर्चमध्ये हा रेटा पेलायला भिंतींना बाहेरून भक्कम टेकू देतात. इथे टेकू दिले असते तर नजाकतच गेली असती. म्हणून खांबांच्या वर, छताच्या पोटात, लोखंडी पत्र्यांच्या पोकळ तुळया क्रूसाच्या आकारात आडव्या घातल्या. कळसाचं वजन त्या तुळया सरळ खांबांवर उतरवतात. कळसही आतून लोखंडाचा आणि बाहेरून शिशाच्या पत्र्याचा. डोळ्यांना तेराव्या शतकाचा भास, आणि पोटात रेल्वेच्या पुलाचं तंत्र. काही जण याला लबाडी म्हणतील. मला ती त्या काळाची सर्वांत प्रामाणिक सही वाटते.

वर बघितलं की व्हेनिसजवळच्या मुरानोतल्या साल्व्हियातींच्या काचतुकड्यांची चित्रं चमकतात. खाली चौथऱ्याभोवती संगमरवरात कवी, संगीतकार, चित्रकार, शिल्पकार आणि वास्तुविशारद अशा १६९ जणांची रांग आहे. त्या गर्दीत, गॉथिक शैलीचा थोर वास्तुविशारद प्यूजिन याच्या मागे, उथळ कोरीवकामात स्कॉटचाही चेहरा आहे. शेजार बाकी उत्तम निवडलेला.

पावसाने मात्र शेवटी डाव साधला. शिशाच्या सांध्यांतून पाणी शिरलं आणि आतलं लोखंड गंजलं. अल्बर्टचं सोनंही कधीच गेलं होतं आणि विसाव्या शतकात तो बराच काळ काळाकुट्टच बसून होता. पहिल्या महायुद्धात जर्मन झेपेलिनांना चकाकी दिसू नये म्हणून त्याला काळं फासलं, ही गोष्ट लंडनमध्ये हमखास ऐकवतात. धुराने सोनं आधीच खाल्लं होतं, हा दुसरा तर्क कमी चुरचुरीत आहे, पण मला जास्त पटणारा. १९९८ मध्ये मोठी दुरुस्ती पुरी झाली आणि अल्बर्ट पुन्हा सोन्याचा झाला.

बाहेरच्या चार कोपऱ्यांवर चार खंड आहेत. आशिया म्हणजे बसलेल्या हत्तीवर स्वार झालेली, चेहऱ्यावरचं वस्त्र बाजूला सारणारी स्त्री. ती घडवली जॉन हेन्री फोली याने. अल्बर्टचा पुतळाही त्याचाच, पण तो पुरा होण्याआधी १८७४ मध्ये फोली वारला. शिल्प म्हणून हत्ती अप्रतिम आहे. तरी एक अख्खं खंड बुरखा उघडून आपला माल दाखवायला आल्यासारखं दिसतं, आणि मालकाची ही नजर लपत नाही.

याच स्कॉटचं काम मुंबईकर रोज बघतात. ओव्हल मैदानासमोरचं मुंबई विद्यापीठाचं दीक्षान्त सभागृह, ग्रंथालय आणि २८० फुटी राजाबाई टॉवर यांचे आराखडे त्याचेच, आणि तेही भारतात पाऊल न ठेवता लंडनहून पाठवलेले. लंडनच्या बागेत आशियाला त्याने एका हत्तीवर बसवलं. राजाबाई टॉवरवर मात्र पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या समाजांचे लोक आपापल्या पागोट्यांसह उभे आहेत. ते बघायला मान बरीच वाकडी करावी लागते. दुर्बीण असेल तर न्यावी.